तंबोऱ्याला चारच तारा, मग लावायला एवढा वेळ का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं गाणं शिकताय, मिरजेहून लेडीज तंबोरा मागवला, पट्टी काळी चार (म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा सा), चारही तारा ट्यूनरवर हिरवा दिवा लागेपर्यंत जुळवता, आणि तरी बाई म्हणतात "अजून लागला नाही". तुमचं म्हणणं की पडदे नाहीत, बोटं दाबायची नाहीत, चार मोकळ्या तारा एकामागून एक छेडायच्या, मग एवढी झकझक कशाला, ॲपमध्ये बटण दाबलं की तोच आवाज येतो की. आणि शेवटी विचारलंय की वाद्यच खराब आलंय का, परत करू का.

परत करायचं शेवटी बोलू.

मी गेली बरीच वर्षं गाणं शिकवतेय, त्याआधी गुरूंच्या मागे बसून तंबोरा धरायचे, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही, दर वर्षी कुणीतरी नवा विद्यार्थी विचारतोच. आणि त्यात तथ्य आहे बरं का. तंबोऱ्यावर वाजवायला खरंच काही नसतं. पण त्याचाच दुसरा भाग बघा. सतारियाची तार जरा उतरली असेल तर तो बोटाने तार ओढून, मींड घेऊन वेळ मारून नेतो, व्हायोलिनवाला बोट केसभर सरकवतो, गाणारा तर गळ्यानेच दुरुस्ती करतो नि पुढे जातो. तंबोरा धरणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नाही. जी तार जशी लावली तशीच ती दर चार-पाच सेकंदांनी परत येणार, अख्खी मैफल संपेपर्यंत. भातातला खडा एकदाच दाताखाली येतो, इथे तोच खडा दर घासाला. म्हणून सगळी मेहनत वाजवायच्या आधीच करून ठेवायला लागते, काही कारागिराने, काही तुम्ही.

आता ट्यूनरचं. काळी चार म्हणजे जोडाच्या दोन तारा, त्या मधल्या, दोन्ही षड्जाच्या, साधारण २०७.६ हर्ट्झवर. समजा एक तिथे बसली आणि दुसरी २०७.१ वर राहिली. फरक अर्ध्या हर्ट्झचा, सेंटमध्ये (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) मोजला तर चारेक सेंट, मोबाईलवरचे बरेच ट्यूनर एवढ्याला हिरवा दिवा दाखवून मोकळे होतात. दोन्ही तारा एकत्र वाजल्या की या फरकामुळे दोन सेकंदांतून एकदा आवाज फुगतो नि बसतो, फुगतो नि बसतो. तुम्ही म्हणाल एवढं चालतं. पण तंबोऱ्याची तार एकटा मूळ स्वर देत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे वरचे स्वरही सोबत येतात आणि तंबोऱ्यात हे वरचे स्वर इतर वाद्यांपेक्षा कितीतरी जास्त उघडे असतात. पाचपटीवर गेलं की अर्ध्या हर्ट्झचा फरक अडीच हर्ट्झचा होतो, म्हणजे एका सेकंदात अडीच वेळा थरथर. तुमच्या बाईंना ती थरथर ऐकू येतेय, तुमचा कान अजून खालच्या मूळ स्वरावरच थांबलाय आणि ट्यूनर पण तेवढंच बघतोय. भांडण कुणाचंच नाही, तुम्ही दोघी एकाच आवाजाचे वेगवेगळे मजले ऐकताय.

त्यामुळे आधी ट्यूनर बाजूला ठेवा. म्हणजे सुरुवातीला षड्ज मिळवायला वापरा, पेटीवरून घ्या, कुठूनही घ्या, पण एकदा जोडाची एक तार षड्जावर आली की पुढचं सगळं कानाने. दुसरी जोडाची तार मुद्दाम थोडी उतरवा आणि खालून वर आणत या, खुंटी आत दाबत दाबत फिरवायची, नुसती फिरवली तर सुटते (फारच सुटत असेल तर खडूची पूड लावा). आवाजाच्या त्या फुगण्या-बसण्याच्या लाटा आधी भराभर येतात, मग संथ होतात, मग इतक्या लांबतात की पुढची लाट येते का नाही याची वाट बघावी लागते. खुंटीचं काम इथे संपलं, आता मण्याला हात घालायचा, घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात ती रुंद पट्टी) पलीकडे तारेत ओवलेला मणी खाली सरकवला की तार किंचित चढते, वर सरकवला की उतरते. इथे घाई करणारे सगळे फसतात कारण लाट जर चार सेकंदांची असेल तर ती आहे की गेली हे कळायला निदान आठ-दहा सेकंद गप्प बसून ऐकायलाच हवं, त्याला शॉर्टकट नाही. विद्यार्थी काय करतात, तार छेडली, दोन सेकंदांत निर्णय, मणी सरकवला, परत छेडली, परत सरकवला. पाऊण तास गेला तरी जागच्या जागी. मी त्यांना म्हणते हात मांडीवर ठेवा आणि तार पूर्ण विझू दे.

जोड जमला की खर्ज, म्हणजे एक सप्तक खालच्या षड्जाची तार. त्यानंतर पंचम, आणि इथे एक मजा आहे. खर्ज १०३.८, त्याची तिप्पट होते ३११.५ च्या आसपास. मंद्र पंचमाची तार बरोबर लावली तर ती १५५.७, तिची दुप्पट तीच, ३११.५. म्हणजे खर्जाच्या तारेतून जो पंचम आपोआप निघतो त्याच्याशी तुमच्या पंचमाच्या तारेचा वरचा स्वर एकजीव झाला पाहिजे. पेटीवरचा पंचम ऐकून तार लावली तर ती येते १५५.५६ ला, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतराने कापलेले असतात. फरक किती, तर दोन सेंट. नगण्यच की. पण वर जाऊन खर्जाच्या पंचमाशी तिची गाठ पडते तेव्हा साधारण तीन सेकंदांतून एक लाट येत राहते. पेटीवरून तंबोरा लावणारे वर्षानुवर्षं ही लाट घेऊन गातात आणि त्यांना वाटतं तंबोरा असाच वाजतो.

हे तीन स्वर बसले की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो, तार सप्तकातला, म्हणजे वरच्या सप्तकातला. कुणी लावलेला नाही, गंधाराची तारच नाही, तरी येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या पाचपटीचा स्वर, आणि पेटीवरच्या गंधारापेक्षा चौदा सेंट उतरलेला, म्हणजे चांगलाच. पंचमाच्या तारेतून तसाच निषाद निघतो, रिषभही. नवख्या माणसाला हे सांगितलं तर तो मान डोलावतो पण त्याला काही ऐकू येत नाही, मग एक दिवस अचानक येतं आणि त्यानंतर कधी जात नाही. तुमच्या यमनातला गंधार पेटीवर टेकून राहिलाय का तंबोऱ्यातून आलाय हे बाईंना पहिल्या आलापात कळतं, त्या तुम्हाला अजून बोलल्या नसतील इतकंच.

आता हे वरचे स्वर एवढे उघडे होतात कशाने, तर घोडीमुळे, आणि खरी करामत तिथे आहे. गिटारच्या ब्रिजवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, सपाट दिसणारी, पण सपाट नसते, तिला अगदी हलका उतार दिलेला असतो, इतका हलका की बोट फिरवून कळणार नाही. तार हलते तेव्हा या उतारावर ती टेकते-सुटते-टेकते, आणि त्या स्पर्शातून तो झणझणीत, भरलेला आवाज येतो, ती जवारी. नियम असा सांगतो की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट असे सम पटीचे स्वर त्यात निघायलाच नकोत. तंबोऱ्यात निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला तो याच गोष्टीवर, की जे स्वर नियमाप्रमाणे असू नयेत ते या घोडीमुळे हजर होतात. नोबेल त्यांना १९३० मध्ये मिळालं ते प्रकाशाच्या कामावर, पण वाद्यांवरचं त्यांचं काम आम्हा गाणाऱ्यांना जास्त जवळचं.

तो उतार मशीनवर निघत नाही असं नाही, निघत असेल, पण शेवटचा हात माणसाचाच. मिरजेत हे काम शिकलगारांच्या घरांत दीड शतकाहून जास्त चाललंय. मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा, तलवारी गेल्या तसे हे लोक वाद्यांकडे वळले, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं, संस्थान पटवर्धनांचं होतं, गाण्याबजावण्याला आश्रय होता. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा, तो कित्येक महिने वाळवल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण जवारी काढणारे हात किती उरलेत ते तिथे गेल्यावर दिसतंच.

जवारी काढताना एकदा बघाच. कारागीर तंबोरा आडवा घेतो, तार ढिली करून बाजूला सारतो, घोडीवर कानस फिरवतो, म्हणजे काय, चार-पाच हलके हात. धूळ फुंकतो. तार जागेवर, परत स्वरात, छेडतो, ऐकतो. परत ढिली. हे तासन्तास, आणि चार तारांच्या चार वाटा वेगळ्या, एकीला जमलं म्हणून दुसरीला जमत नाही. घासलेलं हाड परत जोडता येत नाही, एक हात जास्त पडला की अख्खा उतार खालून नव्याने काढायचा, घोडी तेवढी झिजली. त्यामुळे जाणता कारागीर आवाज जवळजवळ आला की हात आखडता घेतो, बघणाऱ्याला वाटतं कंटाळला. पूर्वी हस्तिदंत असायचं, सांबरशिंग असायचं, ते बंदीमुळे गेलं, आता उंटाचं हाड, लाकूड, फायबर. कुठलं बरं यावर वाद घालणारे घालोत, माझं मत, हाड चांगलं पण भिकार काढलेल्या हाडापेक्षा नीट काढलेलं फायबर केव्हाही बरं.

एवढं करून कारागीर वाद्य तुमच्या हातात देतो आणि तरी एक काम तुमच्यासाठी उरतं, ते सूत. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा छोटा तुकडा सरकवतात, साधा सुती दोरा, रेशमाचाही चालतो. तारा सुरात लावायच्या सूत काढून किंवा पार मागे घेऊन, मग प्रत्येक तारेखाली सूत घालून दोन्ही टोकं धरून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. एका जागी आवाज कोरडा, जरा सरकवला की पत्र्यासारखा, आणि मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे आवाज एकदम फुलतो, तार छेडल्यानंतर आवाज कमी व्हायच्या ऐवजी क्षणभर वाढल्यासारखा वाटतो. ती जागा मिळाली की थांबायचं. पुढे अजून चांगली जागा असेल या लोभाने सरकवत राहणारे लोक ती घालवून बसतात. सूत बसलं की तार किंचित चढलेली असते, मग परत मणी, परत ऐकणं. तुम्ही लिहिलंय की "दोरे निघून आले होते ते मी फेकून दिले". तिथेच बरंचसं उत्तर आहे.

छेडण्याबद्दल थोडक्यात. मधलं बोट पंचमावर, बाकी तिन्हींना तर्जनी, बोटाच्या कडेने आणि ओढायचं नाही, वरून सरकवायचं. जोरात ओढली तर तार त्या क्षणी चढते आणि मग उतरते, मग सूत, मणी, कान सगळं फुकट. दोन तारांमधलं अंतर सारखं, खर्जाला किंचित जास्त वेळ, आणि तालाशी काही संबंध नाही. तबला सुरू झाला की नवख्या माणसाचा हात लयीत जायला बघतो, ते टाळायला शिकायलाच काही महिने जातात. मागे बसून नुसता तंबोरा धरणं ही पूर्वी शिक्षा वाटायची आम्हाला.

मोठ्या गाणाऱ्यांनी यावर किती वेळ घालवला याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीला गेलेल्या कुणालाही विचारा, तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय त्या सुरू करायच्या नाहीत, श्रोते चुळबुळ करोत नाहीतर घड्याळ बघोत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेतच राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना दफनही मिरजेतच केलं, आणि ते नुसते गायचे नाहीत, वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात होता. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड तीन-तीन मिनिटांच्या, आवाजात खरखर, पण षड्ज लागतो तेव्हा तो कुठे संपला नि तंबोरा कुठे सुरू झाला सांगता येत नाही. लोकांना वाटतं गोड गळा होता म्हणून. गोड गळे पुष्कळ असतात हो.

बरं, ॲप. मी ॲपच्या विरोधात नाही, माझ्या क्लासमध्ये रोज चालतं. खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग वापरणारी ॲप जुन्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या डब्यापेक्षा बरीच बरी आहेत, काहींमध्ये प्रत्येक तार एकेका सेंटने हलवता येते. प्रवासात, हॉस्टेलमध्ये, शेजाऱ्यांशी भांडण नको असेल तेव्हा बेशक वापरा, फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्या एवढ्याशा स्पीकरमधून १०३ हर्ट्झचा खर्ज नीट बाहेरच पडत नाही, तुमचा कान तो अंदाजाने भरून काढतो. हेडफोन किंवा बऱ्यापैकी मोठा स्पीकर घ्या. पण ॲपमध्ये तंबोरा दुसऱ्या कुणीतरी आधीच लावून ठेवलाय. ते बारा-पंधरा मिनिटांचं काम, लाटा मोजत बसायचं, ते तुमच्या कानाकडून कुणी करून घेतलंच नाही. आणि ते काम म्हणजे रियाज सुरू व्हायच्या आधीची कटकट नव्हे, तो रियाजच आहे. ज्या कानाने तुम्ही जोड जुळवता त्याच कानाने पुढे गळ्यातला षड्ज जुळवायचाय, दुसरा कान आणणार कुठून. माझ्याकडच्या मुलांमध्ये मी बघते, जी मुलं रोज हाताने तंबोरा लावतात त्यांचा सुरुवातीचा "सा" हळूहळू बदलतो, त्यातलं उगाचचं कंपन जातं, फुगवटा जातो, सजावट गळून पडते, सरळ रेघ राहते. ऐकणाऱ्याला वाटतं ही काय, नुसता सा लावून बसलीय. लावून बघा म्हणावं, एका श्वासात, न हलता.

किती दिवस लागतील असंही विचारलंय. रोज बसलात तर जोडाच्या लाटा महिन्याभरात ऐकू येतील, त्या घालवता येतील त्यानंतर थोड्या दिवसांनी. पंचमाला जास्त वेळ लागतो. गंधार ऐकू येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघत बसू नका. सूत हाताला बसायला वर्षभर धरा. पंचमाच्या जागी मालकंसाला मध्यम, मारवा-पुरियाला निषाद लावायला लागतो, ते आत्ता नको, आधी पंचम. आणि पावसाळ्यात, एसी हॉलमध्ये, थंडीत रात्री उघड्या मंडपात तंबोरा उतरणार-चढणार, लाकूड आहे नि तारा आहेत, मला अजूनही कार्यक्रमाच्या मध्ये दोनदा-तीनदा मण्याला हात लावायला लागतो.

आता परत करायचं. लगेच नको. सुती दोऱ्याचे चार तुकडे कापा, घाला, वर सांगितलं तसं सरकवून बघा. चारही तारांपैकी दोन-तीन फुलत असतील आणि एकच बोदी वाजत असेल तर तारच खराब असू शकते, त्या जागी नवीन तार चढवा, नवीन तार दोन-तीन दिवस उतरत राहते, तेवढा वेळ द्या. चारही तारा कुठेच फुलत नसतील, सूत कुठेही नेलं तरी कोरडा आवाज, किंवा सगळ्या पत्र्यासारख्या वाजत असतील तर जवारी नीट काढलेली नाही, तेव्हा वाद्य परत करण्याऐवजी विकणाऱ्याला फोन करून जवारी परत काढून मागा, चांगले लोक नाही म्हणत नाहीत. भोपळ्याला चीर असेल, दांडी वाकली असेल किंवा तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) घोडीखाली दबलेली दिसत असेल तर मात्र बेलाशक परत पाठवा, ते सुताने, मण्याने किंवा जवारीने सुधारणारं नाही. आणि कुरियरने पाठवताना तारा ढिल्या करा, घोडी काढून वेगळी गुंडाळा.